वृद्धाश्रम, वस्ती आणि आपली म्हातारी माणसे

माझी थोरली बहीण अक्का एका महानगरपालिकेच्या सफाई खात्यात एकतीस वर्षे झाडूकामावर होती. नवरा वारल्यावर त्याच्या जागी ती लागली. निवृत्त झाली तेव्हा तिच्यापाशी तीन गोष्टी होत्या : पेन्शन, गुडघेदुखी आणि खात्याने राहायला दिलेली एक खोली. त्यांतली खोली नोकरीबरोबर आलेली, म्हणून नोकरीबरोबर जाणारी. ती टिकवायची तर एकच वाट होती. घरातल्या वारसाने तीच नोकरी धरायची. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला हा हक्क मिळतो. ह्या हक्कावर हजारो घरे उभी आहेत, त्याला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण आईच्या डोक्यावरचे छप्पर राहावे म्हणून शिकलेल्या पोराने झाडू उचलायचा, ह्याला हक्क म्हणावे की वतन म्हणावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

माझा भाचा बी.कॉम. झाला होता. तो कागदपत्रे करायला तयार झाला होता. अक्कानेच त्याला थांबवले. म्हणाली, "झाडू माझ्यापशी संपला पायजे. खोली गेली तर गेली." खोली गेली. भाच्याने दुसऱ्या शहरात खाजगी कचेरीत अठरा हजारांवर नोकरी धरली. तो, त्याची बायको आणि दोन लेकरे एका खोलीत राहतात. अक्का कोठे राहणार, हा प्रश्न माझ्यापुढे आला. मी निवृत्त शिक्षक. वेळ होता. सहा महिने मी वही घेऊन हिंडलो, दारे ठोठावली, दर विचारले. त्या वहीतला हिशेब येथे मांडतो. कारण हा प्रश्न एकट्या अक्काचा नाही. शहरात आलेल्या आपल्या पहिल्या नोकरदार पिढीचा तो प्रश्न आहे आणि त्यावर आपण अजून तोंड उघडलेले नाही.

१

प्रथम शब्दाकडे पाहू. वृद्धाश्रम. ह्या शब्दात 'आश्रम' आहे. ब्रह्मचर्य, गार्हस्थ्य, वानप्रस्थ, संन्यास ही चार आश्रमांची व्यवस्था ज्यांनी सांगितली त्यांनी ती द्विजांसाठी सांगितली. म्हातारपणी काम सोडून स्वस्थ बसण्याची सोय शास्त्रात ज्यांना होती, त्यांच्या स्वस्थपणासाठी राबणाऱ्यांना ती नव्हती. आपल्या माणसाचे म्हातारपण म्हणजे हात चालेनासा होईपर्यंत काम आणि मग उंबऱ्याशी घोंगडी. गौतमाने म्हातारा, रोगी व प्रेत प्रथमच पाहिले आणि घर सोडले, ही कथा बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथात नाकारली. २९ वर्षांच्या माणसाने तोवर ही दृश्ये पाहिलीच नव्हती हे बुद्धीला पटत नाही, असे त्यांचे म्हणणे. आपल्याला तर ते सहज पटावे. आपल्या वस्तीत पाच वर्षांच्या पोरानेही हे सारे पाहिलेले असते.

पुष्कळांना तर म्हातारपण लाभतच नाही. देशातील नऊ राज्यांच्या आकडेवारीवरून केलेला एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. महाराष्ट्र त्या नऊंत नाही. त्या राज्यांत अनुसूचित जातींच्या माणसाचे सरासरी आयुर्मान सवर्ण हिंदूच्या आयुर्मानापेक्षा तीन वर्षांहून अधिक कमी आढळले. म्हणजे साठी-पासष्टीची अट घालून दिलेली प्रत्येक सवलत आपल्यापर्यंत पोचताना थोडी आखूड होते. वयाची अट सगळ्यांना सारखी असते, आयुष्य सारखे नसते.

२

आता पर्याय. मी ते सहा प्रकारांत मांडतो. रुपयांचे आकडे मला त्या त्या ठिकाणी सांगितलेले आहेत. गाव बदलले की ते बदलतील. पण त्यांचे आपसातले प्रमाण फारसे बदलत नाही.

पहिला प्रकार, निवृत्तांच्या वसाहती. पुण्याच्या आसपास त्या वीसएक वर्षांत पुष्कळ वाढल्या. उतार असलेल्या वाटा, न्हाणीघरात धरायला दांड्या, खाली भोजनगृह, दारात रुग्णवाहिका. मी पाहिलेल्या ठिकाणी एका खोलीचे व स्वयंपाकघराचे घर पंचावन्न लाखांना होते. देखभाल महिना आठ हजार, दोन वेळचे जेवण नऊ हजार. कचेरीतले गृहस्थ म्हणाले, "महिन्याचा खर्च फक्त सतरा हजार." हा हिशेब फसवा आहे. पंचावन्न लाख बँकेत साडेसहा टक्क्यांनी ठेवले असते तर महिन्याला तीस हजारांच्या जवळपास व्याज आले असते. तेही खर्चातच धरले पाहिजे. म्हणजे खरा खर्च सत्तेचाळीस हजार. मागे घर राहते हे खरे, पण ते वारसाला उपयोगी पडते, म्हाताऱ्याला नाही. शिवाय ज्याने आधी एक घर विकले तोच हे दुसरे घर घेऊ शकतो. आपल्यापाशी विकायला काय आहे ?

ह्या प्रश्नाशी जरा थांबू. २००७ साली उलट गहाणाची योजना आली. साठीपुढच्या माणसाने राहते घर बँकेकडे गहाण ठेवायचे, त्यात मरेपर्यंत राहायचे आणि बँकेने त्याला दरमहा पैसे द्यायचे. कल्पना चांगली आहे. पण घर स्वतःच्या नावावर आणि निर्वेध हवे. आपले घर गावठाणाच्या कडेला, झोपडपट्टीत, नाहीतर खात्याच्या चाळीत. गावाकडे जमीन असलीच तर वतनाची. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. कनिष्ठ गावकामगारांची वतने प्रत्यक्ष खालसा करणारा कायदा १९५८ साली झाला. जमिनी परत मिळाल्या, पण नव्या शर्तीने. सरकारच्या परवानगीवाचून त्या विकता येत नाहीत. म्हणून बँकेच्या दारात आपले घर घर ठरत नाही आणि आपली जमीन जमीन ठरत नाही. मध्यमवर्गीय माणसाचे म्हातारपण त्याच्या बापाने घेतलेल्या घरावर उभे असते. आपले म्हातारपण शेवटच्या पगारावर उभे असते.

दुसरा प्रकार, खाजगी शुश्रूषागृहे. अंथरुणाला खिळलेल्यांना, विस्मरण झालेल्यांना ती घेतात. तीन-चार जणांत एक खोली, महिना तीस हजार, तीन महिन्यांची अनामत. औषधे, डॉक्टर आणि लंगोट वेगळे. दिवसाला तीन लंगोट पस्तीस रुपयांचे धरले तरी महिन्याला तीन हजारांवर जातात. आजारी माणसाचा हा खर्च कोणीही आधी सांगत नाही. मी विचारला तेव्हा सांगितला.

तिसरा प्रकार, धर्मादाय विश्वस्तसंस्थांचे सशुल्क वृद्धाश्रम. मध्यम उत्पन्नाच्या माणसाला परवडण्याजोगा हाच. दीड लाख बिनव्याजी अनामत, महिना बारा हजार. जेवण, नाश्ता, धुणे त्यात आले. अक्काचे पेन्शन चोवीस हजारांच्या घरात. म्हणजे जमले असते. पण येथे दोन अटी डोळ्यांत तेल घालून वाचाव्यात. एक, दर किती वाढतो. वर्षाला आठ टक्के वाढला तर नऊ वर्षांत तो दुप्पट होतो, बाराचे चोवीस होतात. पेन्शन त्या वेगाने वाढते का ते आधी पाहावे. दुसरी अट, 'स्वतःची कामे स्वतः करू शकणाऱ्यांसच प्रवेश'. म्हणजे ज्या दिवशी माणूस उठू शकणार नाही त्या दिवशी नातेवाइकाने त्याला घेऊन जायचे. गरज लागते तेव्हाच हा आश्रम संपतो.

चौथा प्रकार, शासनाचे व शासनाच्या अनुदानावरचे निःशुल्क वृद्धाश्रम. समाजकल्याण खात्याच्या अनुदानित आश्रमांत पुरुषाला ६० व स्त्रीला ५५ वर्षांची अट असते. पुढे १९९५ साली राज्यात मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आली. आणि २००७ साली केंद्राने आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा केला. त्याच्या १९व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधार वृद्धांना सामावणारा आश्रम सांगितला आहे. पण कायद्याचा शब्द 'स्थापन करू शकेल' असा आहे, 'करील' असा नाही. ह्या एका शब्दात सगळी पळवाट आहे. आणि समजा, महाराष्ट्राच्या ३६ही जिल्ह्यांत असे आश्रम उभे राहून भरले, तरी किती माणसे झाली ? ५,४००. २०११च्या जनगणनेत राज्यातले साठीवरचे लोक एक कोटीहून अधिक होते.

पाचवा प्रकार, घरीच राहून बाई ठेवणे. ब्युरोवाल्याने मला बारा तासांचे सातशे रुपये सांगितले. महिन्याचे एकवीस हजार. दिवसरात्र हवी तर बेचाळीस. आणि हे राहत्या घराच्या वर.

सहावा प्रकार, मुलाकडे. हा फुकट समजला जातो. तो फुकट नाही. त्याची किंमत सून देते. तिची नोकरी सुटते, तिची पाठ जाते, तिची झोप जाते. कोणाच्याच वहीत ती रक्कम लिहिलेली नसते, म्हणून ती शून्य धरतात.

३

आता दुसऱ्या बाजूला जमा काय आहे ते पाहू. ज्यांना पेन्शन आहे ते आपल्यात मूठभर. राज्य शासनाच्या नोकरीतसुद्धा १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन बंद झाली. म्हणजे आरक्षणाने जी दारे उघडली, त्यांतून आत गेलेल्या आपल्या दुसऱ्या पिढीला बापाइतकेही निश्चित म्हातारपण उरले नाही. गिरणी-कारखान्यांत राबलेल्यांना भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५च्या योजनेचे पेन्शन आहे. त्यातली किमान रक्कम २०१४ साली एक हजार ठरली. शेतमजूर, नाका कामगार, कचरा वेचणाऱ्या बाया ह्यांना श्रावणबाळ योजना. तिची रक्कम २०२३ साली दीड हजार झाली. ती मिळायला वय ६५ हवे आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे. महिन्याला साडेसतराशे. एवढ्यात जे कुटुंब राहते त्याचा पत्ता मला तरी शहरात सापडला नाही. तलाठ्याच्या दाखल्यात मात्र तो सापडतो, कारण न सापडला तर म्हातारी उपाशी राहते. सरकार गरिबाला आधी खोटे बोलायला लावते आणि मग मदत देते.

२००७च्या कायद्याने मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. अर्ज प्रांत अधिकाऱ्याच्या दर्जाच्या न्यायाधिकरणापुढे करायचा, वकील लागत नाही. निर्वाहाची कमाल मर्यादा कायद्याने दहा हजार घातली आहे. जेथे मुलगा जमीनदार आणि बाप उघड्यावर, तेथे हा कायदा उपयोगी आहे, जरूर वापरावा. त्याच कायद्याचे २३वे कलमही ध्यानात ठेवावे. घर-जमीन मुलाच्या नावे करताना 'तो मला सांभाळील' ही अट बक्षीसपत्रातच लिहून घ्यावी. मग त्याने सांभाळले नाही तर तो व्यवहार रद्द करून मागता येतो. अट लिहिलेली नसेल तर भांडण अवघड होते. पण ज्या घरात मुलगाच नाक्यावर काम शोधतो तेथे कोणावर दावा लावायचा ? हा कायदा धरून चालतो की म्हातारा उपाशी आहे कारण मुलगा वाईट आहे. आपल्या वस्तीत मुलगा वाईट नसतो, मुलगाही उपाशी असतो.

ऑक्टोबर २०२४पासून सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान योजनेखाली वर्षाला पाच लाखांपर्यंतचा इस्पितळाचा खर्च मिळतो. आपल्या घरातल्या प्रत्येक सत्तरीच्या माणसाचे कार्ड काढून घ्यावे. मात्र ते इस्पितळात भरती होण्यासाठी आहे. घरी आल्यावर पुसायला, उठवायला, भरवायला जे माणूस लागते त्याचा खर्च त्यात नाही. अडीअडचणीला १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा फुकट दूरध्वनी आहे. हा क्रमांक समाजमंदिराच्या भिंतीवर रंगवून ठेवावा.

४

बारा हजारांच्या आश्रमात अक्का का गेली नाही, ते आता सांगतो.

आश्रम स्वच्छ होता. बाग होती. व्यवस्थापक बाई शालीन होत्या. अर्ज भरताना त्यांनी आडनाव विचारले. मग मूळ गाव विचारले. मग गावात घर कोणत्या आळीला, ते विचारले. पुढे म्हणाल्या, "तसं आमच्याकडे काही नाही हो. पण इथे सगळे एका वळणाचे लोक आहेत. सकाळी प्रार्थना असते, जेवण शुद्ध शाकाहारी. आजींना करमेल का, एवढंच बघा." अक्का शेजारी बसली होती. तिने विचारले, "उशाला बाबासायबांचा फोटू लावला तर चालंल का ?" बाई म्हणाल्या, "खोलीत वैयक्तिक फोटो लावत नाही आम्ही." भिंतीवर दोन देवांचे आणि एका महाराजांचे फोटो होते. ते बहुधा वैयक्तिक नसावेत.

कोणी नाही म्हटले नाही. अर्ज घेतला, 'कळवू' म्हणाले. कळवले नाही. हा प्रकार कोणत्याही कायद्याच्या कलमात बसवणे अवघड आहे.

पण त्याच दिवशी मी दुसरे एक पाहिले. आम्ही निघालो तेव्हा व्हरांड्यात एक बाई एका पांढऱ्याशुभ्र आजींना खुर्चीवरून उचलून उभे करीत होती. हात कमरेखाली घालून, पाठीला आधार देऊन. अक्काला पाहून तिने हळूच 'जय भीम' केला. फाटकाशी ती आम्हांला भेटली. तेथल्या सात आयांपैकी पाच आपल्या, असे तिने सांगितले. ब्युरो सातशे घेतो, तिच्या हातावर पाचशे पडतात. तिची स्वतःची सासू घरी एकटी, कडी बाहेरून लावून येते म्हणाली. कारण म्हातारी वाट चुकते.

मला ह्या साऱ्या वहीत हा हिशेब सर्वांत महत्त्वाचा वाटतो. म्हाताऱ्या माणसाचे अंग पुसणे, मलमूत्र काढणे हे काम पूर्वी ज्यांना लावून दिलेले होते, आज पगार देऊन त्यांच्याच लेकीसुनांकडून ते करून घेतले जाते. त्यांच्या हाताने भरवलेला घास चालतो. त्यांची आई शेजारच्या खाटेवर मात्र चालत नाही. शहराच्या वृद्धसेवेची इमारत आपल्या बायांच्या पाठीवर उभी आहे आणि त्या बायांच्या घरची म्हातारी कडीच्या आत आहे.

५

मग करायचे काय ? नुसता निषेध करून म्हातारीची कडी उघडत नाही.

घटनेच्या ४१व्या कलमात म्हातारपणी, आजारपणात सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क सांगितला आहे. तो मार्गदर्शक तत्त्वांत आहे, म्हणून कोर्टात मागता येत नाही. रस्त्यावर मात्र मागता येतो. श्रावणबाळची उत्पन्नमर्यादा बदला, १९व्या कलमातला 'शकेल' काढा, अनुदानित आश्रमांत जातीने दार लावणाऱ्याचे अनुदान थांबवा. ह्या मागण्या आपल्या कुठल्याही मोर्च्याच्या फलकावर मी अजून पाहिल्या नाहीत. आपली चळवळ तरुणांची राहिली. ज्यांनी ती तरुणपणी केली ते आता म्हातारे झाले, हे ती विसरली.

पण शासन येईपर्यंत आपण काय करू शकतो त्याचाही हिशेब मी केला आहे. आपल्या बहुतेक वस्त्यांत विहार किंवा समाजमंदिर आहे. सकाळी वंदना झाली की संध्याकाळपर्यंत त्याला कुलूप असते. तेथे वीस म्हाताऱ्यांसाठी दिवसाची सोय करता येईल. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, आठवड्याचे सहा दिवस. दोन बाया, प्रत्येकीला पंधरा हजार, झाले तीस हजार. आपल्याच बायांना अर्धा पगार देऊन सेवेचे नाव घ्यायचे नाही, ही पहिली अट. दुपारचे जेवण माणशी चाळीस रुपये, २६ दिवसांचे वीस हजार आठशे. डॉक्टरची फेरी व किरकोळ औषधे पाच हजार. एकूण पंचावन्न हजार आठशे. माणशी २,७९० रुपये. प्रत्येक म्हाताऱ्याने पाचशे दिले तर दहा हजार जमा होतात. राहिले पंचेचाळीस हजार आठशे. दोनशेतीस घरांनी महिन्याला दोनशे रुपये दिले की ते भागतात. मंडपाला, ध्वनिक्षेपकाला आपण किती वर्गणी देतो ते प्रत्येकाला ठाऊक आहे. १४ एप्रिल जोरात झालीच पाहिजे. पण त्या मिरवणुकीत चालू न शकणारी माणसे त्या दिवशी कोठे असतात, हेही पाहिले पाहिजे.

ह्याने रात्रीचा प्रश्न सुटत नाही. अंथरुणाला खिळलेल्याचाही सुटत नाही. पण कडी दिवसभर उघडी राहील, आणि सून कामावर जाऊ शकेल.

अक्का आता भाच्याच्या वस्तीत, त्याच्या घरापासून चार दारांवर, तळमजल्याच्या भाड्याच्या खोलीत राहते. भाडे सहा हजार. शेजारच्या बाईला ती चार हजार देते, बाई दोन वेळा येऊन स्वयंपाक, धुणे, अंघोळीचे बघते. औषधाला दोन हजार. बारा हजारांतच भागते, आश्रमाइतकेच. बाग नाही. पावसाळ्यात दारात पाणी येते. गुडघे अजून चालतात तोवर हे चालेल, पुढचे मला माहीत नाही. उशाला फोटो आहे. परवा गेलो तेव्हा तिने बोंबिलाचे कालवण केले होते. भाचा कामावरून आला, तिच्याच ताटात जेवायला बसला. मी वही काढून खर्च लिहू लागलो तर म्हणाली, "लिव, पर एक लिवायचं राहिलं तुझं. ह्याच्या हातात झाडू न्हाई. त्ये जमंला धर."

मी ते जमेला धरले आहे.